“निळ्या कव्हरचं ते पुस्तक आहे का?”: ग्राहकांच्या चमत्कारिक प्रश्नांविषयी एका पुस्तकविक्रेत्याचे उत्तर

आपला प्रश्न असा आहे की, तालुक्याच्या गावी नुकतेच पुस्तकांचे दुकान सुरू केल्यापासून ग्राहक असे काही विचारतात की काय उत्तर द्यावे ते सुचत नाही. कोणी फक्त मुखपृष्ठाचा रंग सांगतो, कोणी “ज्यात कोणी मरत नाही असं पुस्तक द्या” म्हणतो, कोणी महाभारताचा संच एक खंड कमी करून मागतो; अशा वेळी विक्रेत्याने काय करावे? पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात पुस्तके विकण्यातच माझी हयात गेली आहे. त्या अनुभवावरून मी प्रथम इतकेच सांगेन की, अशा प्रश्नांतला अर्धा भाग ग्राहकाने सांगितलेला असतो आणि उरलेला अर्धा आपण विचारून काढायचा असतो. ग्राहकाला पुस्तकाबद्दल जे आठवते तेच तो सांगणार. आपल्याला हवे असलेले नाव, लेखक आणि प्रकाशक हे तिन्ही त्याला आठवत असते तर त्याने ते पुस्तक फोनवरूनच मागवले असते. तो दुकानाची पायरी चढून आला आहे तो आपल्याकडे विचारायला माणूस आहे म्हणून.

मुखपृष्ठाच्या रंगापासून सुरुवात करतो, कारण हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि नवीन विक्रेता तो सर्वांत लवकर झटकून टाकतो. रंग हा पुरावा म्हणून कमकुवत असतो, कारण आवृत्ती बदलली की मुखपृष्ठ बदलते, आणि ग्राहकाने तीस वर्षांपूर्वी वाचनालयातून आणलेल्या प्रतीवर तर बहुधा वाचनालयाचेच जाड पुठ्ठ्याचे आवरण असते. म्हणून “निळं म्हणजे गडद की फिकट?” असे विचारण्यात वेळ घालवू नये. मी तीन गोष्टी विचारतो: हे पुस्तक आपण कधी वाचले, कुठे वाचले किंवा पाहिले, आणि त्यातले एखादे माणूस, गाव किंवा प्रसंग आठवतो का. पहिल्या उत्तरातून काळ कळतो, दुसऱ्यातून पुस्तकाची जात कळते, कारण शाळेच्या बक्षिसात मिळालेले पुस्तक वेगळे आणि रेल्वे स्थानकावर घेतलेले वेगळे. तिसऱ्या उत्तरात बहुतेक वेळा पुस्तकच हाती लागते.

एक उदाहरण देतो. एक बाई आल्या आणि म्हणाल्या, “रत्नागिरीच्या म्हाताऱ्याचं पुस्तक द्या, बाबा ऐकायचे.” यातला ‘ऐकायचे’ हा शब्द महत्त्वाचा होता. वाचायचे नव्हे, ऐकायचे; म्हणजे ध्वनिफीत. रत्नागिरीचा म्हातारा आणि ध्वनिफीत या दोन खुणा जुळल्या की मराठी विक्रेत्यासमोर अंतू बर्वा उभा राहतो, आणि अंतू बर्वा हे पुस्तकाचे नाव नसून ‘व्यक्ती आणि वल्ली’ या १९६२ सालच्या पुस्तकातले एक व्यक्तिचित्र आहे, हे आपल्याला ठाऊक असावे लागते. पात्राच्या नावाने पुस्तक मागणारे ग्राहक इतके असतात की लोकप्रिय पुस्तकांतल्या ठळक पात्रांची एक यादी आपण स्वतः करून काउंटरजवळ ठेवावी, असा माझा आग्रह आहे. बाजारात अशी तयार यादी मिळत नाही आणि नवीन मुलगा कामाला आला की त्याला तिचाच सर्वांत जास्त उपयोग होतो.

नावांचा दुसरा गोंधळ टोपणनावांमुळे होतो आणि मराठीत तो फार आहे. कवितेच्या कपाटासमोर उभे राहून “त्या आरती प्रभू बाईंचं काय आहे?” असे विचारणाऱ्याला आपण शांतपणे सांगावे की हे चिं. त्र्यं. खानोलकरांचे टोपणनाव आहे, कविता या नावाने आहेत आणि कादंबऱ्या व नाटके खानोलकर या नावाने पलीकडच्या फळीवर आहेत. असे सांगितल्यावर ग्राहक अनेकदा दोन्ही कपाटे पाहून जातो. त्याला चारचौघांत ओशाळे वाटेल असा स्वर मात्र चुकूनही लागू देऊ नये. कुसुमाग्रज आणि वि. वा. शिरवाडकर यांच्याबाबतही हेच करावे लागते. दोन्ही ठिकाणी एकेक चिठ्ठी लावून ठेवली की काम भागते.

संगणकावर शोधूनही पुस्तक सापडत नाही याचे कारण अनेकदा ग्राहकाच्या आठवणीत नसून आपल्या यादीत असते. बऱ्याच दुकानांतली बिलिंगची यादी रोमन लिपीत भरलेली असते, आणि तीत ‘ज्ञ’ कुणी डी-एन-वाय लिहितो, कुणी जी-वाय. ‘मृ’ कुणी एम-आर-यू लिहितो, कुणी एम-आर-आय. भर म्हणजे जुन्या मराठी पुस्तकांवर आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) नसतो, आणि ज्यांवर आहे त्यांतही २००७ पूर्वीचा दहा अंकी आणि नंतरचा तेरा अंकी असा फरक पडतो. आपण नवीन दुकान मांडले आहे, तेव्हा यादी पहिल्या दिवसापासून युनिकोड देवनागरीत करा. पुढे हजारो पुस्तके झाल्यावर हे काम उरकत नाही.

आता “खरं पुस्तक द्या” या मागणीविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ही मागणी ऐकताना विचित्र वाटते पण मराठी वाचकाच्या दृष्टीने ती अत्यंत रास्त आहे. ग्राहक म्हणतो, “पानिपत द्या, पण खरं असलेलं.” त्याला ऐतिहासिक कादंबरी नको असते, इतिहास हवा असतो, पण या दोहोंतला फरक सांगायला त्याच्याजवळ दुसरा शब्द नसतो. आपल्याकडे इतिहासाची ओळख पुष्कळांना कादंबरीतून झाली आहे, आणि कादंबरीतले संवाद हे इतिहासातले संवाद म्हणून सांगितले जातात, त्यामुळे एखाद्या वाचकाच्या मनात हा प्रश्न उठला की मला फार समाधान वाटते. पानिपतापुरते बोलायचे तर विश्वास पाटलांची १९८८ सालची ‘पानिपत’ ही कादंबरी आहे आणि त्र्यं. शं. शेजवलकरांचे ‘पानिपत १७६१’ हा संशोधनग्रंथ आहे. नावे जवळजवळ सारखी असल्यामुळे फोनवरून मागणी घेताना हमखास घोटाळा होतो. दोन्ही पुस्तके काउंटरवर शेजारी ठेवावीत, संशोधनग्रंथातल्या तळटीपा उघडून दाखवाव्यात आणि ग्राहकाला स्वतः चाळू द्यावे. तळटीपा पाहून काही जण कादंबरी घेऊन जातात, काही जण दोन्ही घेतात. शिवाजी महाराजांवरचे खरे पुस्तक मागणाऱ्यालाही याच पद्धतीने कादंबरी, संशोधनपर चरित्र आणि बखर हे तीन प्रकार दाखवावेत, आणि बखर दाखवताना ती कधी लिहिली गेली हे आवर्जून सांगावे. सभासद बखर १६९७ च्या सुमारास, राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, एवढे एक वाक्य सांगितले की वाचक त्या छोट्याशा पुस्तकाकडे निराळ्या नजरेने पाहतो.

कर्णाचे पुस्तक मागणाऱ्याबाबत मात्र उलट काळजी घ्यावी. ‘मृत्युंजय’ आणि ‘राधेय’ या दोन्ही कादंबऱ्याच आहेत, आणि ग्राहकाने आधी एक वाचली असेल तर तीच पुन्हा गळ्यात पडता कामा नये. “जाड की बारीक?” हा एरवी पोरकट वाटणारा प्रश्न इथे अचूक काम करतो.

धार्मिक ग्रंथांविषयीचे प्रश्न हा या व्यवसायातला सर्वांत नाजूक भाग आहे. संपूर्ण महाभारत घरात ठेवले तर घरात कलह होतो, ही समजूत आपल्याकडे खोलवर रुजलेली आहे. ज्या पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला हात घातला आणि १९६६ साली ते काम तडीस नेले, त्या पुण्यातही “एक खंड वगळून संच द्या” असे सांगणारे ग्राहक आहेत. अशा वेळी विक्रेत्याने समजूत खरी की खोटी यावर मत देऊ नये, कारण ग्राहक आपल्याकडे त्यासाठी आलेला नसतो आणि त्याच्यामागे बहुधा घरातली एखादी वडीलधारी व्यक्ती असते. पण संच फोडूही नये. फुटलेला संच प्रकाशक परत घेत नाही आणि उरलेला एकटा खंड विकला जात नाही, ही अडचण ग्राहकाला मोकळेपणाने सांगावी. मी त्यांना सुचवतो की पूर्ण संच घ्या आणि एक खंड भावाकडे किंवा शेजाऱ्यांकडे ठेवा. आधीचे खंड वाचून झाले की तो आणा आणि वाचून झालेला एक तिकडे द्या. ही तोड बहुतेकांना मान्य होते, घरच्या ज्येष्ठांचा मान राहतो आणि अठराही पर्वे वाचली जाण्याची शक्यता उरते, जी मला विक्रीइतकीच महत्त्वाची वाटते.

गुरुचरित्र मागणाऱ्याला “किती अध्यायांचं?” असे विचारलेच पाहिजे. काही प्रतींत ५२ अध्याय मोजले जातात, काहींत ५३, आणि ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सप्ताह होतो तिथे प्रत बदललेली चालत नाही. ज्ञानेश्वरीबाबतही फक्त ओव्यांची मोठ्या टाइपातली पारायण प्रत हवी की अर्थासह सार्थ प्रत हवी, हे विचारल्याशिवाय पुस्तक काढू नये. “हे बायकांनी वाचलं तर चालतं का?”, “सोवळ्यातच वाचायचं का?” या प्रश्नांवर माझे उत्तर ठरलेले आहे: प्रस्तावनेत पारायणाचे नियम दिलेले असतात ते पान मी उघडून देतो आणि पुढचा निर्णय घरच्यांवर सोडतो. स्त्रियांनी विचारले तर मात्र मी हेही सांगतो की माझ्या दुकानातून पारायणाच्या प्रती सर्वाधिक स्त्रियाच घेऊन जातात, कारण ती वस्तुस्थिती आहे आणि ती ऐकून त्यांना धीर येतो.

माणसासाठी पुस्तक मागणाऱ्या ग्राहकांचे प्रश्न मला सर्वांत मोलाचे वाटतात. “ज्यात कोणी मरत नाही असं पुस्तक द्या” हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. ते बहुधा दवाखान्यातून आलेले असतात, किंवा घरात नुकतेच कोणी गेलेले असते. आपल्या साहित्यात मृत्यू इतका सहज येतो की अशी पुस्तके निवडणे वाटते तितके सोपे नाही. विनोदी पुस्तकातली व्यक्तिचित्रेसुद्धा पुष्कळदा निधनाच्या बातमीवर संपतात. म्हणून केवळ ‘हलकंफुलकं’ या शिक्क्यावर विसंबून काही देऊ नये. आजारी माणसासाठी मी तीन गोष्टी पाहतो: प्रकरणे चार-पाच पानांची असावीत, पुस्तक झोपून एका हाताने धरता येईल इतके हलके असावे, आणि अक्षर मोठे असावे. प्रवासवर्णने, निसर्गाविषयीचे लेखन आणि खाद्यपदार्थांवरचे ललित लेख या ठिकाणी चांगले उपयोगी पडतात. ज्या घरात दुःख झाले आहे तिथल्या आईसाठी मुलगी पुस्तक मागू लागली तर मी आधी विचारतो की आई पूर्वी काय वाचत असत. दुःखात माणसाला नवीन लेखक नको असतो, ओळखीचा आवाज हवा असतो. म्हणून त्यांचे जुने आवडते पुस्तक, मोठ्या टाइपाची आवृत्ती मिळत असल्यास ती, हे माझे पहिले उत्तर असते. शोक आवरण्याचे उपदेश करणारी पुस्तके मी स्वतःहून कधीच पुढे करत नाही.

“मुलगा मोबाइल सोडेल असं पुस्तक द्या” ही अलीकडची मागणी आहे. असे एक पुस्तक नसते हे पालकांनाही माहीत असते, तेव्हा ते त्यांना ऐकवू नये. मुलगा मोबाइलवर काय पाहतो हे विचारावे. क्रिकेट पाहत असेल तर क्रिकेटपटूचे चरित्र, रहस्यमालिका पाहत असेल तर फास्टर फेणे, आणि फक्त चित्रेच पाहत असेल तर चित्रकथा, मग त्याचे वय बारा का असेना. शक्य असेल तर मुलालाच दुकानात आणायला सांगावे आणि त्याने निवडलेले पुस्तक पालकांनी नाकारू नये अशी विनंती करावी. ही विनंती मी प्रत्येक वेळी करतो आणि ती मनापासून करतो.

किमतीच्या प्रश्नांबाबत थोडक्यात. “श्यामची आई इथे इतक्याला आणि तिथे निम्म्याला कशी?” याचे उत्तर कायद्यात आहे. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो; साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले, त्यामुळे २०११ सालापासून हे पुस्तक कोणीही छापू शकतो. स्वस्त आवृत्ती वाईटच असते असे नाही, पण ती संक्षिप्त नाही ना, हे पाहावे. त्यासाठी ग्राहकासमोर अनुक्रमणिका उघडावी आणि ४२ रात्री आहेत का ते मोजून दाखवावे. “वजनावर देता का?” या प्रश्नाला चिडू नये, किलोवर पुस्तके विकणारी प्रदर्शने लोकांनी पाहिलेली असतात. ती बहुतांशी शिल्लक किंवा परत आलेल्या मालाची असतात, एवढे सांगितले की पुरते. वाचलेली पुस्तके परत घेण्याविषयी जून महिन्यात सतत विचारणा होते, कारण पाठ्यपुस्तकांचा जुना बाजार लोकांना ठाऊक असतो. आपण ती घेत नसाल तर जवळपास कोण घेते ते सांगावे.

“दिवाणखान्यातल्या कपाटासाठी चार फूट पुस्तकं हवीत” ही मागणी आता तालुक्याच्या गावांपर्यंतही पोहोचेल. ती आली की संचच द्यावेत, आणि निदान एक फळी तरी हाताला लागेल अशा उंचीवर ठेवायला सांगावी. घरातली लहान मुले तिथूनच पुस्तक ओढून काढतात.

शेवटी जुन्या, बाजारात नसलेल्या गोष्टींविषयी. “पानशेतच्या पुराच्या वर्षीचं पंचांग आहे का?” असा प्रश्न मला एका गृहस्थांनी विचारला होता. आई सांगायची की पुरानंतर आठव्या दिवशी तुझा जन्म झाला, पण तिथी कुठेच लिहून ठेवलेली नव्हती, आणि त्यांना वाढदिवस तिथीने करायचा होता. पूर १२ जुलै १९६१ रोजी आला, म्हणजे शके १८८३ चे पंचांग पाहिजे. नव्या पुस्तकांच्या दुकानात ते असण्याचा संभव नसतो. पण जुन्या पंचांगांच्या बांधीव फायली जपणारे ज्योतिषी आणि भिक्षुक प्रत्येक गावात असतात, आणि अनेक वर्षांची पंचांगे एकत्र दिलेली पुस्तकेही मिळतात. “आमच्या वेळच्या चौथीच्या पुस्तकातली कविता” मागणाऱ्याला बालभारतीने संकेतस्थळावर ठेवलेली जुनी पाठ्यपुस्तके दाखवावीत. शाळेचे वर्ष विचारून घेतले की पाच मिनिटांत कविता निघते आणि त्या वेळी त्या माणसाचा चेहरा पाहण्यासारखा असतो. यात आपली एक पैचीही विक्री होत नाही, तरी हे काम टाळू नये.

आजोबांची कथा ज्या दिवाळी अंकात आली तो अंक मागणारे दर वर्षी येतात. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेली ही परंपरा असल्यामुळे अंकांची संख्या अफाट आहे, आणि वर्ष व अंकाचे नाव यांपैकी एक तरी कळल्याशिवाय शोध घेणे व्यर्थ ठरते. दोन्ही कळले तर ठाण्याचे १८९३ साली स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय किंवा १८९८ चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय यांच्याकडे चौकशी करायला सांगावे. १९५० पूर्वीचे पुस्तक असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहावी; तिच्या दोन भागांत १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या काळातील मराठी पुस्तकांची नोंद आहे. एकट्या माणसाच्या चिकाटीतून उभे राहिलेले ते काम प्रत्येक मराठी विक्रेत्याने एकदा तरी हातात घेऊन पाहावे. पुस्तक खरोखरच कधी छापले गेले होते का, प्रकाशक कोण होता आणि नाव नेमके काय होते, हे तिच्यावरून ठरते आणि पुढचा शोध सोपा होतो.

जे पुस्तक आहे हे माहीत असूनही छपाईत नसल्यामुळे देता येत नाही, त्यासाठी एक वेगळी वही ठेवावी. तीत तारीख, ग्राहकाने उच्चारलेले शब्द जसेच्या तसे, आपल्याला लागलेला पुस्तकाचा अंदाज आणि ग्राहकाचा फोन क्रमांक एवढे लिहावे. एकाच पुस्तकासाठी आठ-दहा नावे जमली की त्यांची संख्या कळवून प्रकाशकाला रीतसर पत्र लिहावे. पूर्वी पुनर्मुद्रण म्हणजे हजार प्रतींचा विचार करावा लागत असे, त्यामुळे अशी पत्रे बाजूला पडत; आता डिजिटल छपाईत थोड्या प्रतीही काढता येतात, आणि नोंदवलेली मागणी समोर असेल तर प्रकाशक त्या पत्राचा विचार करतो. प्रती आल्या की बिल करण्याआधी वहीतल्या प्रत्येकाला फोन करावा, मग त्यांनी विचारल्याला दोन वर्षे का झाली असेनात.